छातीच्या फोटोत गुडघा

इस्पितळाच्या एक्स-रे विभागातले संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे भागूबाई म्हणत. बारा वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागल्या, बाकीचं स्वतःच शिकल्या, पण साधी फाइल पुसायची तरी तीनदा विचारायच्या, "पुसू ना? नक्की?"

फोटो साठवायचं मशीन जुनं होतं. एक फोटो उघडायला चार मिनिटं.

"अहो, तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल!" डॉक्टरबाई करवादायच्या.

भागूबाईंनी कर्नेलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या सेटिंग चाळल्या. डिस्कसाठीची डीएमए नावाची सोय बंद होती. डिस्कवरची माहिती घासाघासाने प्रोसेसरच मेमरीत भरवत होता. डीएमए चालू केलं, की डिस्क परस्पर मेमरीत ओतणार. शेजारी इशाराही होता: काही जुन्या चिपमध्ये माहिती बिघडू शकते. आपली चिप त्यातली आहे का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठ दिवस बाईंनी कच खाल्ली. शेवटी साऱ्या साठ्याची प्रत टेपवर काढली, कर्नेल नव्याने बांधला आणि सोमवारी सकाळी मशीन चालू केलं.

फोटो पाच सेकंदांत उघडला. डॉक्टरबाईंनी चक्क चहा पाजला.

दुपारी फोटो काढणाऱ्या काकांनी हाक मारली. "बाई, या आजोबांच्या छातीत गुडघा कसा?"

फुप्फुसावर बोटभर आडवी पट्टी होती आणि पट्टीत दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्याचं हाड. बाई पडद्याजवळ सरकल्या. गुडघा होता म्हणून कळलं तरी. फुप्फुसावर दुसऱ्याचं फुप्फुस आलं असतं, तर कोणाला कळलं असतं? गुपचूप डीएमए बंद करावं, असं एकदा मनात आलंच. पण पाय डॉक्टरबाईंच्या खोलीकडे वळले.

"सकाळपासून पाहिलेल्या एकाही फोटोवर विश्वास ठेवू नका," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी बदल केला होता."

डॉक्टरबाई ताडकन उठल्या. "एकाला ऑपरेशनला पाठवलंय मी!" त्यांनी फोन उचलला. "थांबा! सुरू करू नका!"

बाईंनी डीएमए बंद करून मशीन पुन्हा चालू केलं. ऑपरेशनवाल्याचा फोटो त्यांनी टेपवरच्या प्रतीशी ताडून पाहिला. फोटो जसाच्या तसा होता. बाईंनी धावत जाऊन डॉक्टरबाईंना तसं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस फोटो तपासून झाले. नऊ बिघडलेले निघाले. आठ टेपवरून परत मिळाले. आजोबांचा फोटो त्याच सकाळचा, टेपवर नसलेला.

बाकावर आजोबा ताटकळत होते. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आजोबा, फोटो परत काढावा लागेल. चूक माझी आहे."

"एवढंच ना?" आजोबा शर्टाची बटणं सोडू लागले. "मला वाटलं, माझं काही खरं नाही."