वाटाण्याची खिचडी आणि वीस दिवसांची बाळंतीण

मुळा नदीच्या पुराचं पाणी सांगवीत आमच्या घरांत शिरलं, तेव्हा आम्हाला महापालिकेच्या शाळेत हलवलं. माझ्या शेजारच्या सतरंजीवर वीस दिवसांची बाळंतीण होती. नवरा चाकणला कंपनीत, माहेर पार बीडकडे. पोर अखंड रडत होतं. आम्ही चार म्हाताऱ्यांनी लगेच निकाल दिला की भेदरल्यामुळं हिचं दूध आटलं. वाटपात आलेला दूध पावडरचा डबा मी फोडायलाच घेतला होता.

तेवढ्यात तपासणीला आलेली नर्स म्हणाली, "आजी, बाटली कशानं धुणार? नळाला गढूळ पाणी येतंय. पोराला जुलाब लागले म्हणजे? आणि ही सकाळपासून काय जेवली?"

आम्ही खरं ते सांगून टाकलं. सकाळी वाटपात आलेल्या खिचडीत वाटाणे होते. बाळाला वात होईल म्हणून आम्हीच तिला जेवू दिलं नव्हतं. दोन बिस्किटं तेवढी दिली होती.

"म्हणजे आईला उपास आणि पोराला डबा," नर्स हसली. "भीतीनं दूध उतरायला वेळ लागतो, आटत नाही. हिला जेवू घाला, बाटलीतलं पाणी द्या, पोर सारखं छातीशी धरू द्या."

वाटाण्यांसकट दोन ताटं खाल्ली पोरीनं. मी साडीचा आडोसा धरून बसले आणि माझ्या चार बाळंतपणांची हकिकत सुरू केली. दुपार कलली तेव्हा कुठं पोर चुटूचुटू प्यायला लागलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आता जरा गप बसता का? दचकून सोडतंय ते."

मी बसले गप. घरी अजून कुणाचा विश्वास बसत नाही.