‘चालतंय’ न म्हणणारे साडू

कुठलीही धडधाकट वस्तू आमच्या साडूंच्या हाती द्या, समोरचा चहा गार व्हायच्या आत ते तिच्यातली खोट काढून दाखवायचे. मेहुणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलगा ‘सॉफ्टवेअरमध्ये’ एवढंच कळलं होतं. तिथे प्रोग्राम लिहिणारे पहिल्या पंगतीला बसतात आणि तपासणारे दुसऱ्या, आणि आपले साडू तपासणारे, हे लग्नानंतर समजलं. डोंबिवलीला त्यांच्या सोसायटीत नवी लिफ्ट आली. नारळ फुटल्याबरोबर साडू अध्यक्षांसोबत आत शिरले आणि त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. लिफ्ट मधेच अडकली. “अहो, असं कोण करतं?” बाहेर आल्यावर घामाघूम अध्यक्षांनी विचारलं. “कुणीतरी करणारच ना,” साडू म्हणाले. कल्याणला आमच्याकडे आले की बेलसुद्धा एकदा हलकेच, एकदा दाबून धरून आणि एकदा कोपरानं वाजवायचे. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसानं काय करायचं, हा त्यांचा सवाल.

घोडबंदर रोडच्या ऑफिसात मात्र या गुणाचं कुणाला कौतुक नव्हतं. चूक दाखवली की लिहिणारी पोरं मान वर न करता सांगत, “सर, माझ्याकडे तर चालतंय.” या शब्दाची साडूंना भयंकर चीड. “चालतंय म्हणजे काय हो? ढकलली तर बंद गाडीपण चालते.” नवं ॲप निघालं की केक लिहिणारे कापणार आणि त्यांचा फोटो साडू काढणार. ॲप बंद पडलं की पहिला फोन साडूंना, “हे तुमच्या नजरेतून सुटलंच कसं?” खरं तर तीच चूक त्यांनी आधी दाखवलेली असायची.

यंदा कंपनीनं ठरवलं, लिहिणाऱ्यांनीच आपलं आपण तपासावं. तपासणाऱ्यांना घरी बसवलं. पन्नाशीच्या साडूंना आता नोकरीसाठी जातील तिथे विचारतात, कोडिंग येतं का? मला त्या कंपनीचा फार राग येतो, पण माझ्या रागाला कोण विचारतो?

परवा साडू आणि मेहुणी येणार म्हणून मी मुद्दाम बेलची वायर काढून ठेवली. म्हटलं, साडूंना काहीतरी सापडू दे, जरा चिडू देत. दाराआड कान लावून उभा राहिलो. बटण एकदाच दाबल्याचा आवाज आला, मग कडी वाजली. साडू आत आले, बसले, चहा प्यायले. बेलचं नावही काढेनात. शेवटी मीच विचारलं, “आमची बेल बिघडलीय का हो?”

साडूंनी कप खाली ठेवला. “चालतंय,” म्हणाले.