आखणीचा हात

नोकरीतली बरीचशी प्रकरणं विसरलो. रोह्याचं एक मात्र विसरता येत नाही, आणि त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता.

रोह्याजवळच्या वरसे गावात राहणारी दोन मुलं एकाच दिवशी गायब झाली. मुलगी सोळा वर्षांची, पेणजवळच्या हमरापूरच्या, गणपती घडवणाऱ्या मूर्तिकाराची लेक. आईबाप गेल्यावर आत्याकडे राहायची, म्हणजे आत्याची धुणीभांडी करायची. मुलगा पंधराचा, रोह्यातल्या एका कंपनीतल्या मोठ्या साहेबांचा. आईवडील अपघातात गेले आणि तो काकांच्या फ्लॅटवर आला. दोघं एकाच शाळेत. अल्पवयीन म्हणून अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल केला. मनातल्या मनात मात्र सगळ्या ठाण्यानं 'लफडं' अशी नोंद केली. मीही केली. हमरापूरला हवालदार पाठवला. मुलीच्या घराला कुलूप, आणि गाव म्हणालं, "नाय बघितली." मग मी अलिबागचे लॉज धुंडाळत बसलो. पोलिसाला एकदा वास आला की तो धावत सुटतो, नाक चोंदलेलं असलं तरी.

दहा-बारा दिवसांनी रोह्यातला एक मूर्तिविक्रेता ठाण्यात आला.

"साहेब, हमरापूरवरनं गणपती आणलेत. डोळ्यांची आखणी त्या हरवलेल्या पोरीच्या बापाच्या हातची हाय."

"मग?"

"तो जाऊन दोन वर्षं झाली."

डोळे आखणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि जुन्या व्यापाऱ्याला तो सहीसारखा ओळखता येतो. बापाचा हात लेकीकडे आला होता.

मूर्ती जिथून आल्या तो कारखाना मुलीच्या हमरापूरच्या शेजारणीचा निघाला. म्हातारी, विधवा, मूलबाळ नाही. दोन्ही मुलं तिथंच सापडली. मी म्हातारीला बाजूला बसवून दरडावलं, "पोरं कुणाची?"

"माझी."

"आजी, पोलिसांशी खोटं बोलू नका."

"माझ्या ताटाशेजारी जेवतात. मग कुणाची म्हणू?"

मुलगी पुढं आली. "आजीला नका नेऊ. मीच आले, याला पण मीच आणलं."

मुलाला वेगळं घेऊन आडवेतिडवे प्रश्न विचारले. तो शांतपणे म्हणाला, "काकांकडे मला वेगळी खोली आहे, साहेब. पण जेवायला कोणी हाक मारत नाही. हिला मी ताई म्हणतो." मूर्ती घासून त्याच्या बोटांना फोड आले होते. मला माझीच लाज वाटली.

निघताना मुलीनं थोडा वेळ मागितला. एका मूर्तीचा एकच डोळा झाला होता. "एका डोळ्यावर देव ठेवत नाय," ती म्हणाली. मी अर्धा तास खुर्चीत बसून राहिलो. दारात गाव जमलं होतं.

अहवालात सांभाळणाऱ्या व्यक्तीशी नातं विचारलेलं असतं. मी सवयीनं लिहिलं, 'नाही'.

बालकल्याण समितीपुढे दोघांनी एकच मागितलं, आजीकडे एकत्र राहू द्या. समितीनं माझा अहवाल वाचला. मुलगा काकांच्या ताब्यात गेला, आत्यानं हात झटकले म्हणून मुलगी दुसऱ्या गावच्या बालगृहात. म्हातारीनं दोघांसाठी डबा आणला होता. तो माझ्या हातात देत म्हणाली, "गाडीत तरी खाऊ द्या."

परक्या माणसालाही मूल सांभाळायला देण्याची सोय कायद्यात आहे, हे मला ठाऊक होतं. म्हातारीबद्दल दोन ओळी लिहायला काय लागलं असतं? पण मुलं मिळाली म्हणजे तपास संपला, असंच मी आयुष्यभर धरून चाललो होतो. ती दोघं घर शोधायला निघाली होती. त्यांना ते सापडलंही होतं, आणि मी त्यांना तिथून हुडकून काढलं.