सूक्ष्मदर्शक चांगला होता

हे मी यंदापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. नववीतल्या एका मुलीशी मी खोटं बोललो, आणि ते झाकायला चारचौघांत तिचं हसं केलं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

तेव्हा मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवत होतो. प्रयोगशाळेच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता. किल्ली माझ्या खिशात. बाकीच्या शिक्षकांना मी सांगायचो, फुटला तर शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर कोण देणार? सगळ्यांना पटायचं. खरं कारण वेगळं होतं — मला तो वापरताच येत नव्हता. कॉलेजात एका यंत्राभोवती आम्ही वीस जण. मी मागे उभा राहायचो आणि शेजाऱ्याच्या जर्नलमधून आकृत्या उतरवायचो. कांद्याच्या पेशी फळ्यावर मी फार सुबक काढतो. पाहिल्या मात्र कधीच नव्हत्या. हे सांगणार कसं — आणि कुणाला?

नववीतली रंजना एका सकाळी काडेपेटीतून कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी घेऊन आली. एवढीशी अळी एवढं टणक बोंड पोखरते, तर तिचं तोंड कसं असेल? तिला ते बघायचं होतं. इतकी वर्षं मी कीटक शिकवत होतो. हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, सूक्ष्मदर्शक बिघडलाय.

तिचा चेहरा उतरला नाही, उलट खुलला. "सर, मना बाप मोटारी भरस. मी खोलीसन देखू का?"

तिच्या वडिलांचं दोंडाईच्याला दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारींत ते नवी तांब्याची तार भरायचे, आणि सुट्टीत ही त्यांच्या हाताखाली असायची. सूक्ष्मदर्शक तिनं नक्की खोलला असता. मिनिटभरात कळलं असतं, की काहीच बिघडलेलं नाही.

मग मी काय केलं? वर्गाकडे तोंड करून म्हणालो, "हे काय तुझ्या बापाचं दुकान आहे? तारा गुंडाळायच्या तर तिकडेच जा." वर्ग हसला. मीही हसलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ए मोटारवाली!" दहावी होईपर्यंत तिचं तेच नाव राहिलं. माझ्या तासाला तिनं पुन्हा हात वर केला नाही. अकरावीला सायन्स घेणार म्हणायची, घेतलं नाही. घरच्या अडचणी असतील, असं मी स्वतःला सांगत आलो. पण विचारायला कधी गेलो?

पुढे संस्थेनं जळगावला बदली केली. तिथे एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ लावून मी एकटाच सूक्ष्मदर्शक वापरायला शिकलो. दहा मिनिटं लागली — दहा.

यंदा विज्ञान दिनाला, मुलींनी इंजिनिअरिंगकडे का वळावं, यावर मी भाषण केलं. प्रश्न विचारायला घाबरू नका, असंही म्हणालो. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली — सर, तुम्ही पेशी पहिल्यांदा कधी बघितली? "तुमच्याएवढा असताना," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. पुन्हा तेच — एका मुलीचा सरळ प्रश्न, आणि माझं खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोंडाईचा गाठलं. दुकानात रंजनाच होती. हातात तार, ओठांत वेढ्यांची मोजणी. मला ओळखून तिनं मानेनंच स्टूल दाखवलं. बोलली असती तर मोजणी चुकली असती. मी बसलो नाही. वेढे संपल्यावर तिनं तार तोडली.

"बोला सर. मोटार आणली का?"

"नाही," मी म्हणालो. "रंजना, शाळेतला सूक्ष्मदर्शक चांगला होता. मलाच तो वापरता येत नव्हता. मी खोटं बोललो, आणि ते लपवायला तुझ्यावर, तुझ्या वडिलांवर सगळा वर्ग हसवला. चूक माझी होती. मी तुझी माफी मागतो. तू काही म्हणायला हवंस, असं नाही."