वरच्या मजल्यावरून आलेला कॉल

बाबांचा शेवटचा कॉल मी कट केला.

आज वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

श्रीवर्धनचं आमचं घर तीन मजली. तळमजल्याच्या भिंती जाड चिऱ्याच्या, वर दोन स्लॅब. राउटर खाली. सगळ्यात वर बाबांची वाचायची खोली. तिथे मोबाईलला रेंज नाही आणि वायफायही पोचत नव्हतं.

मी नेटवर्क इंजिनिअर. गणपतीत गेले तेव्हा जिन्याच्या कडेने केबल वर नेली, प्रत्येक मजल्यावर वायफायचं एक युनिट बसवलं. खोलीखोलीत सिग्नल मोजला. मगच पुण्याला परतले.

आठवडाभरात वरून येणारे कॉल तुटायला लागले.

बाबांनी वरचं युनिट स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं. झाकण लावून. आत तांदळाची पुरचुंडी.

"खारी हवा आहे गं इथली. बिजागऱ्या खाते, तुझं हे प्लास्टिक काय टिकणार?"

"बाबा, स्टीलमधून सिग्नल बाहेर येत नाही."

"वायरीपुरतं भोक पाडलंय की."

"त्यातून वायर जाते. सिग्नल नाही."

"मग आणखी चार पाडतो. मास्तरला शिकवू नकोस."

चार पाडली. फरक शून्य.

बोलता बोलता त्यांचा आवाज जायचा. मी "बाबा, डबा!" म्हणून फोन ठेवायचे. ते खाली येऊन पुन्हा लावायचे. पुढे ती पद्धतच पडली.

त्या दुपारी त्यांचा फोन आला. मी मीटिंगला निघाले होते.

"ऐक, एक गंमत..."

मग काही नाही.

"बाबा, डबा!" म्हटलं आणि ठेवला.

त्यांचा फोन परत आला नाही. अर्ध्या तासाने आईचा आला. ती चहा घेऊन वर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक मोठा होता, लगेच कळलं असतं तरी उपयोग झाला नसता. असेलही. मला ते तपासता येत नाही.

जे तपासता येतं ते तेराव्यानंतर तपासलं. युनिट डब्याबाहेर होतं, पुस्तकांच्या फळीवर. लॉग उघडला. त्या दुपारी त्यांच्या फोनला पूर्ण सिग्नल होता. एकदाही तुटला नव्हता.

खरं तर लॉगची गरज नव्हती.

ते गप्प झाल्यावरही मला त्यांचा टेबल फॅन ऐकू येत होता. सिग्नल गेला असता तर फॅनचा आवाजही गेला असता.

एवढं मला कळायला हवं होतं.

आज श्राद्धाचं सगळं आटोपल्यावर आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला.

"खुर्ची पडली ते मी खाली ऐकलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, तुझ्या त्या वायफायशी खटपट चाललीय. म्हणून आधी चहा टाकला."

वर्षभर आम्ही दोघी रोज फोनवर बोलत होतो.

बाबा, आम्हा दोघींनाही ऐकू आलं होतं.

आम्ही आलो नाही.

तुम्हाला नमस्कार, बाबा.