माझ्या मानेच्या मापाची माळ

सेलूतल्या आमच्या गल्लीत मी हाताने दागिने करणारी बाई म्हणून ओळखली जाते. दोऱ्याचे, मण्यांचे, बियांचे, कवड्यांचे. घरी नवी कुणी आली की माझ्या गळ्यातली माळ बोटांत धरून विचारते, "हे सुचतं कसं हो तुम्हाला?" मग मी मान जराशी तिरकी करते, खिडकीबाहेर बघते आणि म्हणते, "निसर्गातून." खिडकीबाहेर एक नाली आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या गोधड्या असतात. तरी बायकांना पटतं. आमचे हे त्या वेळी पेपरमागून खाकरतात, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

तसं ते अगदीच खोटं नाही. बाभळीच्या शेंगांचा नाद मला लहानपणापासून. दोन बियांच्या मध्ये ती शेंग अशी आवळलेली असते की कुणीतरी मणी ओवून झाडाला टांगलेत असं वाटावं. वाळलेल्या शेंगा पायांना बांधून आम्ही मुली बांधाबांधाने वाजत फिरायचो. मोठेपणी ठरवलं, याच शेंगांचा हार करायचा. केला. वरून पॉलिश मारलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीच्या गळ्यात घातला. तिळगूळ वाटता वाटता एक शेंग तडकली आणि आतून दोन टोके, ते धान्यात होतात ते किडे, निघून शेजारणीच्या ब्लाउजच्या दिशेने चालू लागले. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात जेवढं हळदीकुंकू सांडलं तेवढं आजवर कुणाला लावलं नसेल. पुढे मी सरकीचे कानातले केले. ते खिडकीत वाळत ठेवले होते, गल्लीतल्या शेळीने खाल्ले. शेळीला मात्र माझी कला आवडली होती, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

तर निसर्गाशी माझं असं चाललं होतं. मग माझी ती प्रसिद्ध माळ आली, जिच्यामुळे माझं नाव झालं. ती मी एका बैलाची चोरली. कल्पना चोरली असं म्हणत नाही. माळच चोरली.

आमचं सासरचं गाव सोनपेठकडे. तिथे माझे थोरले दीर आणि जाऊबाई शेती बघतात. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक, बोलायला कमी आणि बोलल्या तर समोरच्याने पाणी मागावं अशा. घरात दोन बैल आहेत. पोळ्याला गावातले सगळे बाजारातून चकचकीत गोंडे आणि प्लास्टिकच्या माळा आणतात, पण आक्कांच्या बैलांना बाजारातलं काही चालत नाही. अंबाडीच्या वाखाची दोरी त्या स्वतः वळतात, त्यात कवड्या, पितळी घुंगरं आणि लाल लोकर घालून दोन्ही बैलांसाठी सारख्या दोन माळा करतात. त्या माळा बांधताना बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, "मान खाली घे, राजा." आणि बैल घेतो. घरातलं दुसरं कुणी त्यांचं इतक्या लवकर ऐकत नाही.

मागच्या पोळ्याला मी गावी होते. बैल मारुतीला चालले होते आणि माझी नजर माळेवर खिळली. दोन कवड्यांच्या मध्ये आक्कांनी दोरीला अशा गाठी घातल्या होत्या की हुबेहूब बाभळीची शेंग. न तडकणारी, टोके नसलेली, शेळीला न आवडणारी. मी जन्मभर जे शोधत होते ते बैल गळ्यात घालून रवंथ करत उभा होता.

आता कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, "आक्का, मला शिकवा." पण मी सेलूची कलाकार. आमचे फोटो ग्रुपवर फिरतात, लोक आम्हाला विचारतात. मी एका शेतकरीण जावेला विचारू? शिवाय गेली वीस वर्षं मीच त्यांना मोबाइल कसा धरायचा, चष्मा कुठे करायचा हे सांगत आले होते. शिकवण्याची दिशा अचानक उलटी करायला माझी जीभ वळेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, परत निघताना आक्कांनी शेपूच्या दोन जुड्या पिशवीत घालून दिल्या. त्या पाणी आणायला गेल्या तशी मी गोठ्यात शिरले, खुंटीवरची एक माळ काढली आणि शेपूखाली दाबली. आठ दिवसांत बघून परत ठेवू, असं मनाला सांगितलं. मन माझंच, लगेच ऐकलं.

घुंगरांचं काय करायचं हे मात्र सुचलं नव्हतं. सोनपेठहून पाथरीला येणारी एसटी प्रत्येक खड्ड्याला उडायची आणि माझी पिशवी छुन्न करायची. शेजारच्या सीटवरचे पागोटेवाले बाबा बराच वेळ सहन करत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पिशवीत करडू हाय का?"

"नाही हो, शेपू आहे," मी म्हणाले.

"लय वाजायली शेपू," ते म्हणाले आणि पाथरीपर्यंत पिशवीवरची नजर काढली नाही.

घरी आल्यावर माळ खिडकीत धरून बघितली. गाठ कशी घातली ते वरून कळेना, म्हणून एक सोडली. मग दुसरी. मग सगळीच उसवली. शेंगेसारख्या गाठी मला दोन दिवसांत जमल्या, पण शेवटची गाठ काही केल्या येईना. माळेची दोन टोकं जिथे एकत्र येतात तिथे आक्कांनी असं काही केलेलं होतं की बैलाने झटका दिला तरी सुटू नये आणि बाईने एका बोटाने ओढलं की सुटावं. मी अठ्ठावीस वेळा घातली, अठ्ठावीस वेळा तिने मला हात दाखवला. शेवटी तिथे बाजारातला हुक लावून टाकला.

त्या नव्या माळेने गल्ली वेडी झाली. एका लग्नात चौघींनी तसल्या माळा घातल्या. मी फोटो काढला, मोबाइलच्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "निसर्गाची देणगी." आमच्या ह्यांनी तो फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "निसर्ग सोनपेठला राहतो का?" मी त्या दिवशी त्यांना वरणात मीठ कमी घातलं.

पण गावाकडच्या बातम्या येत होत्या. आक्कांना माळ हरवल्याचं कळलं होतं आणि आळ थेट थोरल्या दिरांवर आला होता. त्यांनी कुणा मित्राला दिली असणार, नाहीतर कुठे विसरले असणार, असं आक्कांचं म्हणणं. माझा पुतण्या फोनवर हसत सांगायचा की आई बाबांना भाकरीबरोबर रोज तेच वाढते. थोरले दीर गरीब माणूस. आधी शपथा घेत होते, मग दिवाळीनंतर म्हणू लागले, "दिली बी असंल कुणाला, ध्यान न्हाई." एक निरपराध माणूस माझ्यापायी गुन्हा कबूल करायला लागला होता, आणि इकडे मी शाबासक्या घेत होते. मला लाज वाटली. चांगली वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि फोन उचलून सांगणं वेगळं. सांगितलं असतं तर गल्लीतलं नाव गेलं असतं, आणि आक्कांसमोर मी पुन्हा कधी ताठ मानेने उभी राहिले नसते. ही ताठ मानच मला सोडवेना.

मग मी युक्ती काढली. तशीच नवी माळ करायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी जायचं आणि गुपचूप खुंटीवर, जुन्या झुलीच्या मागे टांगायची. सकाळी कुणाला तरी सापडेल. दीर सुटतील, मीही सुटेन. मन लावून माळ केली. कवड्या निवडून घेतल्या, घुंगरं चिंचेने घासली, गाठी एकसारख्या घातल्या. आरशात गळ्याला लावून बघितली तर इतकी शोभली की परत द्यायचं जिवावर आलं.

खांदेमळणीच्या संध्याकाळी सगळे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळण्यात गुंतले होते. मी झूल उचलली, माळ टांगली आणि बाहेर येऊन निरागस चेहऱ्याने पुरणाची डाळ निवडायला बसले. इतकी निवडली की आक्का म्हणाल्या, "अगं बास, डाळ हाय ती, सोनं न्हाई."

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल धुऊन आले, शिंगं रंगवून झाली. थोरल्या दिरांनी झूल काढायला हात घातला आणि गोठ्यातून असा आवाज दिला की बैलांनी कान टवकारले. "घावली! माळ घावली! मी म्हणलो न्हवतो? झुलीच्या मागंच व्हती! वरीसभर माझ्या जिवाला खाल्लंस तू!"

ते नाचतच बैलाजवळ गेले. एका वर्षाचा न्याय हातात घेऊन त्यांनी माळ बैलाच्या मानेखालून घातली, दोन्ही टोकं वर ओढली आणि थांबले. पुन्हा ओढली. टोकं बैलाच्या अर्ध्या मानेपर्यंतही पोचत नव्हती. दिरांनी बैलाकडे बघितलं, बैलाने दिरांकडे.

मी माळ केली होती ती आरशात बघून. माझ्या मानेच्या मापाची.

"वर्सात एवढा फुगला का काय ह्यो?" दीर म्हणाले.

आक्का पुढे आल्या. माळ हातात घेतली, टोकाचा हुक दोन बोटांत फिरवून बघितला. "बैल न्हाई फुगला," त्या म्हणाल्या. "माळच सेलूला जाऊन आली, बारीक होऊन आली."

मी एकदा गोठ्याच्या दाराकडे बघून घेतलं, पळायला वाट आहे का म्हणून. दारात दुसरा बैल उभा होता. दीर काहीच न कळून माझ्याकडे आणि आक्कांकडे बघत होते, आणि वर्षभर उगाच बोलणी खाल्लेल्या त्या चेहऱ्यासमोर मला आणखी खोटं सुचलं नाही.

"मी नेली होती," मी म्हणाले. "शेपूखाली घालून. आणि उसवली."

"मालूम हाय," आक्का म्हणाल्या. "दिवाळीला पोरानं नवा मोबाइल दिला मला. तुजं स्टेटस बगितलं. चार बाया माज्या बैलाची माळ घालून हसायल्यात, आन खाली लिवलंय निसर्गाची देणगी. निसर्ग मंजी मीच का गं?"

"दिवाळीपासून मालूम हाय?" दीर मधेच ओरडले. "मग मला कामून बोलायलीस रोज?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी लगेच हिला फोन केला असता," आक्का म्हणाल्या. "मला हिच्या तोंडातून ऐकायचं व्हतं. आन बोलणी वाया न्हाई जात. मागचं लय साचलेलं व्हतं."

त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यातली पेटी उघडली. आत दोन नव्या माळा होत्या, सारख्या, बैलांच्या मापाच्या. कधीच करून ठेवल्या होत्या. दोन्ही बैलांच्या कानाशी जाऊन त्या म्हणाल्या, "मान खाली घे, राजा," आणि बांधल्या. दीर अजून पुटपुटत बैल घेऊन दारापर्यंत गेले. मी भिंतीला चिकटून उभी होते. आता मला काय ऐकवतात याची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

आक्का माझी माळ घेऊन माझ्याकडे आल्या. हुक दाताने तोडून थुंकला.

"मान खाली घे," त्या म्हणाल्या.

मी घेतली. माळ गळ्याभोवती आली, आणि मानेच्या मागे त्यांची बोटं चालू लागली. एक वेढा, दुसरा वेढा, एक बारीक झटका. वर्षभर जी गाठ मी शोधत होते ती माझ्याच मानेमागे पडत होती आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मला फक्त शेणाने सारवलेली जमीन आणि आक्कांच्या भेगा पडलेल्या टाचा दिसत होत्या.

"आक्का," मी मान वर न करता म्हणाले, "ही गाठ शिकवता का मला?"

बोटं थांबली.

"एवढंच तर म्हणायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "ह्या एका शब्दापायी दिवाळीपासून वाट बगायलेय मी."

मग त्यांनी एका बोटाने ओढून ती गाठ सोडली, माझे दोन्ही हात धरून मानेमागे नेले आणि टोकं माझ्या बोटांत दिली. बाहेर गल्लीत हलगी सुरू झाली होती. गावचे बैल मारुतीकडे निघाले होते.

"अगं ये की!" दारातून दीर ओरडले. "बैलं खोळंबल्यात!"

"खोळंबू द्या," आक्का म्हणाल्या. "तिसऱ्याचं बांधायचं ऱ्हायलंय."