कोळ्याच्या दारातल्या काड्या

सोसायटीच्या स्वच्छता मोहिमेत मी मागच्या उतारावर रोवलेल्या आइस्क्रीमच्या अकरा काड्या उपटल्या. कचरा समजून.

माझ्या मेहुण्याइतका शेजारधर्म पाळणारा माणूस बोरिवलीत दुसरा नसेल. फक्त त्याचे शेजारी आठ पायांचे. कोळ्याच्या दारात हा चप्पल काढून उकिडवा बसतो. हा कोळी जाळं विणत नाही, जमिनीत बीळ करतो आणि त्याला मातीचं झाकण लावतो, रेशमी बिजागरीसकट. झाकण मिटलं की नुसती माती दिसते. मेहुण्याच्या मते ही जात फक्त आपल्या साष्टी बेटावरची, आणि बेटावर आता माती आहे कुठे? मादी एकदा बीळ केलं की जन्मभर तिथेच राहते. "टू बीएचकेचा हव्यास नाही तिला," हे तो लग्नाच्या पंगतीतही ऐकवतो, समोरचा बिचारा जिलेबी मागत असतो. पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याला गेटवरूनच घरी नेतो आणि पोहे खाऊ घालून परत पाठवतो.

उताराला सिमेंट लावायचं ठरलं तेव्हा हा कमिटीपुढे अक्षरशः रडला. कॉन्ट्रॅक्टर भला निघाला. जिथे खूण असेल तेवढी जागा सोडतो म्हणाला. मग शुगर असलेल्या या माणसाने अकरा दिवस रोज एक कँडी खाल्ली आणि एकेका दारापाशी काडी रोवली. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्या मीटिंगला मी हजर होतो. वडा खात होतो.

रविवारी काड्यांना रबरबँड लावून मी त्याच्याच घरी गेलो, म्हटलं, बघ, तुझा उतार कसा चकाचक केला. त्याने काड्या मोजल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं रांगत दारं शोधत होतो. मिटलेलं दार सापडू नये हीच तर तिची हुशारी. एकही सापडलं नाही. सोमवारी सकाळी मिक्सर आला.

आता उतार गुळगुळीत, करडा झालाय. मेहुणा अजूनही तिथे चप्पल काढतो. काल मीही काढली आणि शेजारी बसलो. तो म्हणाला, कंपाउंडच्या कडेला एक दार उरलंय. एकटीच आहे. नर आता कुठून चालत येणार तिच्याकडे?

मी हळूच विचारलं, "कुठे रे?"

त्याने पायात चप्पल सरकवली.

"एकवेळ बिल्डरला दाखवीन, भावोजी. तुम्हाला नाही."